दोन बोटं खाली

टाचणे,

फोन तू उचलत नाहीस. आठ महिने झाले. मीही हट्टाने करत राहिले, शेवटी माझं मलाच हसू यायला लागलं. म्हणून हे कागदावर. तुला पत्र वाचायचा कंटाळा आहे, ठाऊक आहे मला. माझ्या कॉलेजातल्या मुलींनाही निबंध वाचायचा कंटाळा होता. त्यांना सोडलं नाही, तुला कशी सोडेन? तुझी गोष्ट लोक भलतीच सांगत सुटलेत. कुणी म्हणतं, त्या बाईचं डोकं फिरलं होतं. कुणी म्हणतं, काय तो धीर! दोन्ही ऐकून माझं डोकं उठतं. तेव्हा झालं ते मी सरळ सांगते, तिऱ्हाइताचं सांगावं तसं. तू सांगितलंस तेवढं तुझं, उरलेलं मी पाहिलेलं. मध्ये एक म्हातारी येईल, ती मी. तिच्याकडे फार लक्ष देऊ नकोस. तिची चूक शेवटी येणारच आहे.

शहराबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिची एक बाजू सरळसोट तासलेली, ऐंशी फूट उंच. मधोमध दगड पुढे आलेला, म्हणून त्या जागेला सगळे 'पोट' म्हणायचे. या भिंतीवरून दोराने माणसं उतरवायचं शिबिर चालायचं, आणि माणसं म्हणजे ज्यांचे पाय चालत नाहीत, ज्यांना कमरेखाली काही कळत नाही, ज्यांचा एक पाय अपघातात गेला, अशी. जीपने त्यांना मागच्या रस्त्याने वर न्यायचं, कापडी झोळीत बसवायचं, आणि दोन दोरांवर हळूहळू खाली सोडायचं. शिबिरात त्यांना पाहुणे म्हणत. पाहुणे खाली पोचले की रडत, हसत, आईला फोन लावत. चांगलंच काम होतं ते. वाईट असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

या झोळ्या टाचणी शिवायची. खरं नाव शिबिरात दोघा-तिघांनाच माहीत होतं. अंगाने बारीक, उभी राहिली की ताठ, आणि बोलली की टोचायची, म्हणून टाचणी. वय चव्वेचाळीस. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून डावा पाय लोखंडी पट्ट्यांच्या बुटात आणि डाव्या काखेत कुबडी. आधी दप्तरं शिवायच्या कारखान्यात होती, मग बसच्या सीटा शिवायची. शिबिराच्या एका तंबूची चेन दुरुस्त करायला म्हणून आली, तिचा टाका बघून शिबिर चालवणारे सर म्हणाले, "थांब इथेच." ती अकरा वर्षं थांबली.

तिची खोली म्हणजे पत्र्याची शेड. एक जाड सुईचं मशीन, त्याचं पायडल उजव्या बाजूला सरकवून घेतलेलं. भिंतीवर खिळ्यांना एक ते बारा नंबरच्या झोळ्या. टेबलावर पट्ट्यांची भेंडोळी, शिंप्याचा खडू, आणि एक वही. दारावर सरांनी रंगवून घेतलेली पाटी: 'भिंत मनात असते.'

"मग मनातच उतरवा की लोकांना," टाचणी म्हणायची. "झोळ्या कशाला शिवून घेता?"

सर हसायचे. सर हसरेच होते. जुने गिर्यारोहक, गोड बोलणारे, कुणाला नाही म्हणायचं झालं तर "बघू हं" म्हणणारे. बघू-बघू करत माणसाला अकरा वर्षं थोपवता येतं, हे त्यांच्याकडून शिकावं.

शिबिराचा एक नियम होता, आणि तो चांगला नियम होता. रोज सकाळी पहिल्या पाहुण्याआधी त्याच्याच वजनाचं वाळूचं पोतं त्याच्याच झोळीत बसवून भिंतीवरून सोडायचं. पाच-पाच किलोच्या पिशव्या, वर किलो-किलोच्या, अशा भरून टाचणी वजन जुळवायची आणि वहीत लिहायची: वेळ, झोळीचा नंबर, वजन, सही. हे पोतंही तिनेच शिवलं होतं. त्याला सगळे जावईबापू म्हणायचे, कारण त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून न्यावं लागे, चौघांनी उचलून मांडावं लागे, आणि ते स्वतः काडी हलवत नसे.

"जावईबापू आज फुगलेत," टाचणी म्हणायची. "एक्याऐंशी किलो. सासूने चांगलं जेवू घातलेलं दिसतंय."

"आणि उतरताना गप्प," दोरवाला म्हणायचा. दोरवाला म्हणजे वर उभा राहून दोर सोडणारा प्रशिक्षक. "असा जावई सगळ्यांना मिळो."

जावईबापू अकरा वर्षांत हजारभर वेळा ती भिंत उतरले. टाचणी एकदाही नाही.

तिने विचारलं नव्हतं असं नाही. दर मोसमाला विचारलं. फॉर्मवर दोन चौकटी होत्या, एक 'सहभागी', एक 'प्रशिक्षक'. सहभागी बाहेरच्या संस्थेने पाठवलेला हवा, शिबिरातला नोकर चालत नाही. प्रशिक्षक धडधाकट हवा. टाचणी नोकर होती आणि धडधाकट नव्हती. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं त्यांच्यातलीच ती, आणि तिलाच त्यात जागा नाही.

"तिसरी चौकट काढा," ती म्हणाली.

"फॉर्म वरून छापून येतो गं," सर म्हणाले. "बघू हं पुढच्या मोसमात."

घरी भाऊ आणि वहिनी. वहिनीने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "ताई, तुम्हाला त्या भिंतीवर लटकायची एवढी काय हौस आहे?"

"हौस नाही गं. शिंप्याने शिवलेला कपडा अंगावर घालून बघायला नको?"

"आमचा ब्लाउज शिवतो तो बघतो का घालून?"

भाऊ हसून हसून पेपरामागे लपला. टाचणीही हसली. पण रात्रभर ते तिच्या डोक्यात कुरतडत राहिलं, कारण ब्लाउज बिघडला तर बाई परत जाऊन शिंप्याला झापते. शिबिरातले पाहुणे झापत नव्हते. त्यांना कुणी भिंतीपर्यंत आणलं यातच ते इतके हरखलेले असत की दुखलं तरी बोलत नसत.

दुखत मात्र होतं. हे तिला कळलं त्या म्हातारीमुळे.

म्हातारी एकाहत्तर वर्षांची, निवृत्त प्राध्यापिका, खुब्याचं ऑपरेशन बिघडून एक पाय आखूड झालेला. वयस्कांच्या तुकडीबरोबर आली, उतरली, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना बाजूला सारून वॉकर खडखडवत थेट शेडमध्ये शिरली.

"झोळी कुणी शिवली?"

"मी."

"टाका सुरेख आहे. जागा चुकली आहे." आणि दार लोटून घेऊन तिने कमरेवरचा वळ दाखवला. खुब्याच्या हाडावर पेरूएवढा, काळानिळा. "त्या पोटापाशी आले आणि झोळी फिरली. तू बसलीस का कधी हिच्यात?"

"मला बसू देत नाहीत."

"का?"

टाचणीने फॉर्मची गोष्ट सांगितली. म्हातारी ऐकून घेणाऱ्यातली नव्हती, तरी तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "मूर्खांचा बाजार."

त्या दिवसापासून टाचणी प्रत्येक पाहुण्याला दार लावून विचारू लागली. दहांतल्या सहा जणांना वळ होता. नेहमी लुळ्या पायाच्या बाजूला, नेहमी हाडावर. तिने सरांना सांगितलं. सरांनी ते मनावर घेतलं, हे कबूल करायला हवं. त्यांनी दोन प्रशिक्षकांना झोळीत बसवून उतरवलं. दोघे खाली येऊन म्हणाले, एकदम आरामशीर.

"तुमचे पाय टेकतात हो भिंतीवर!" टाचणी ओरडली. "पोटापाशी तुम्ही पायाने रेटता. ज्याला रेटता येत नाही त्याचं सगळं वजन कुठे जातं?"

"पण मग पोतं? पोतं तर रोज नीट उतरतं."

"पोत्याला हाड आहे का, सर?"

सर म्हणाले, "बघू हं."

तिला काय वाटत होतं ते सांगते. तिला वाटत होतं, मांडीचा पट्टा जिथे बैठकीला जोडला जातो तो जाड चौकोनी टाका चुकीच्या जागी आहे. पण किती चुकीच्या? वर की खाली? बोटभर की चार बोटं? टेबलावर झोळी पसरून हे कळत नाही. छताच्या आडव्या वाशाला टांगूनही तिने बघितलं, पण लोंबकळणं वेगळं आणि भिंतीच्या पोटावर घासत जाणं वेगळं. तिच्याजवळ शिबिरातलं एकमेव मोजमाप होतं जे प्रशिक्षकांजवळ नव्हतं, जावईबापूंजवळ नव्हतं. डावीकडची बारीक मांडी, बाहेरच्या बाजूला कलंडणारी. आणि ते मोजमाप अकरा वर्षं खुर्चीवर बसून होतं.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी यादी आली. पहिला पाहुणा एक निवृत्त घड्याळजी, झोळी सात नंबर, वजन एक्कावन्न. टाचणीने यादी दोनदा वाचली. बूट-कुबडी सोडून तिचं वजन एक्कावन्न होतं.

तिने पोतं भरलंच नाही. सात नंबरची झोळी घेतली, खडू ओच्यात टाकला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. ड्रायव्हरने विचारलं, "जावईबापू कुठायत?" ती म्हणाली, "रुसलेत."

वर दोरवाल्याने तिला बघितलं, मग जीपमध्ये बघितलं, मग परत तिला.

"पोतं?"

"आज पोतं मीच. एक्कावन्न बरोबर. वहीत लिहून आणलंय."

"टाचणीताई, गंमत करू नका."

"नियम काय आहे? पाहुण्याच्या वजनाचं वजन आधी उतरवायचं. वाळूचंच हवं असं कुठे लिहिलंय? दाखव."

दोरवाला नियमांचं पुस्तक घेऊन फिरत नव्हता. "सरांना फोन करतो."

"कर. ते म्हणतील, बघू हं. मग आपण दोघं इथे बसून बघत राहू." तिने बूट काढायला घेतला. "तू वीस वर्षं लोकांना उतरवतोयस. माझ्यासारखी किती उतरवलीस?"

"शेकड्याने."

"मग त्यांच्यात एक."

त्याने दोराची गाठ दोनदा चाचपली. मग म्हणाला, "दुसरा दोरही लावणार. हेल्मेट घालायचं. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं."

"मी थांब म्हटलं की तूही थांबायचं," टाचणी म्हणाली.

पहिले तीस फूट काहीच नव्हतं. भिंत थंडगार. तिला वाटलं होतं छातीत धडधडेल, भरून येईल, पाहुण्यांना होतं तसं. तसलं काही झालं नाही. ती आपली पट्ट्याकडे बघत होती. मग पोट आलं. उजव्या पायाने तिने मुद्दामच रेटलं नाही. डावी मांडी बाहेर कलंडली, झोळी तिच्यामागोमाग फिरली, आणि तो जाड चौकोनी टाका, तिच्या हाताचा, तिहेरी दोऱ्याचा, सुरेख टाका, खुब्याच्या हाडावर असा बसला की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"थांब!"

दोर थांबला. ती चाळीस फुटांवर लोंबकळत राहिली. हात घालून तिने हाड चाचपलं, हाडाखालची मऊ जागा चाचपली. टाका हाडाच्या खाली यायला हवा होता. किती? तिने बोटं ठेवून बघितली. दोन. दोन बोटं खाली. बस्स, एवढंच.

अकरा वर्षं. बारा झोळ्या, दर मोसमाला नव्या. दहांतले सहा. ते सगळे वळ तिने शेडमध्ये आरामात बसून शिवले होते, सरळ रेषेत, एक टाका इकडचा तिकडे नाही. तिला इतका संताप आला की भिंतीला लाथ मारावी, पण दुखऱ्या बाजूचा पाय उचलायला हवा ना! तिने ओच्यातून खडू काढला आणि पट्ट्यावर आडवी रेघ ओढली.

नेमकी तेव्हाच खाली सरांची गाडी लागली. सर रोज दहाला यायचे, आज साडेआठलाच. त्यांना दिसलं, भिंतीच्या मध्यावर एक पाहुणी अडकून घाबरली आहे. त्यांनी भोंगा उचलला.

"शाब्बास! घाबरायचं नाही! खाली बघायचं नाही! भिंत मनात असते!"

"मनात नाही, कमरेत आहे!" वरून आवाज आला.

सरांच्या हातातला भोंगा खाली गेला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

ती खाली आल्यावर सर पहिल्यांदाच हसले नाहीत. "तुला काही झालं असतं म्हणजे?"

"म्हणजे पाहुण्याला झालं असतं. पोतं त्याचसाठी असतं ना?"

"तू पोतं नाहीस."

"सहभागी नाही, प्रशिक्षक नाही, आता पोतंही नाही. मी आहे तरी कोण, ते एकदा फॉर्मवर छापून आणा."

घड्याळजींना त्या दिवशी उतरवलं नाही. ते बिचारे खुर्चीत बसून सारखे म्हणत राहिले, "माझ्यामुळे काही झालं का?" टाचणीला सगळ्यात वाईट वाटलं ते त्यांचं.

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारावर पाटीखाली कागद लागला. 'चाचणीसाठी फक्त वाळू वापरावी.' नियम इतक्या झटपट बदलता येतो हे अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तरी सर अगदीच दगड नव्हते. टाचणीने टाका दोन बोटं खाली घेऊन नवी झोळी शिवून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "पटतंय मला. पण नव्या शिलाईला तपासणी कचेरीचा शिक्का लागतो. आण शिक्का, बाराच्या बारा बदलू. माझा शब्द."

तपासणी कचेरीत झोळीचे पट्टे यंत्रावर ताणून बघतात. मागे सरांनी ड्रायव्हरबरोबर जुन्या शिलाईचा नमुना पाठवला होता, तो 'पास' होऊन आला होता. का नाही होणार? यंत्राने सरळ ताणला. माणूस सरळ लोंबत नाही, कलंडतो. सरळ ताणून जुनी-नवी शिलाई सारखीच दिसते, आणि फरक दिसल्याशिवाय बदलाला शिक्का मिळत नाही. तेव्हा नमुना तिरका ताणा आणि रेघेपाशी बघा, हे समोर उभं राहून सांगणारं कुणीतरी हवं होतं. टाचणीने सात नंबरचा तो खडूचा पट्टा उसवून घेतला, नवा नमुना घेतला आणि म्हातारीला फोन केला. "बाई, तुम्ही बोलायला चला. मी बोलले की लोकांना राग येतो."

"माझ्याने येत नाही वाटतं?" म्हातारी म्हणाली. पण गेली.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. अपंगांची साधनं तपासायची कचेरी, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती. लिफ्टवर लिहिलं होतं, 'फक्त सामानासाठी'.

पहारेकरी भला माणूस होता. "पट्टा द्या माझ्याकडे, मी लिफ्टने वर पाठवतो."

"पट्टा मुका आहे," टाचणी म्हणाली. "माझं सामान आहे, मी सामानाबरोबर जाते."

"माणसाला परवानगी नाही, ताई. माझी नोकरी जाईल."

"साहेबांना खाली बोलवा," म्हातारी म्हणाली.

साहेबांनी वरून निरोप दिला, यंत्र खाली येत नाही. खाली यंत्राला बोलावलंच कुणी होतं? गुरुवारी या, म्हणाले. गुरुवारी काय जिना आखूड होणार होता?

मग म्हातारीने वॉकर पहारेकऱ्याच्या हातात दिला आणि कठड्याला धरून निघाली. अकरा पायऱ्या चढली. बाराव्या पायरीवर खुब्यातून अशी कळ गेली की ती तिथेच बसली. खाली टाचणी कुबडीवर रेलून तिच्याकडे बघत होती. पहारेकऱ्याने दोघींना पाणी दिलं.

"राहू द्या, बाई," शेवटी टाचणी म्हणाली.

"राहू द्या काय? माझ्याकडे दे. महिन्याभरात माझा पाय ठीक होतो. मी चढेन, तिरका ताणून घेईन, शिक्का आणेन."

"नक्की?"

"मी कधी खोटं बोलते का?"

टाचणीने पट्टा आणि नमुना तिच्या पिशवीत ठेवला. ठेवताना म्हणाली, "रेघेवर शाई फिरवू नका हं. शाईने धागा कुजतो."

महिन्याभरात पाय ठीक झाला नाही. परत ऑपरेशन झालं. पुढचा मोसम सुरू झाला, सर म्हणाले, शिक्का येईपर्यंत जुन्याच मापाच्या झोळ्या शीव. टाचणीने मशीनवर झाकण घातलं, पायडल मुळात होतं तसं परत डावीकडे सरकवून ठेवलं, आणि निघून आली. आता ती पुन्हा बसच्या सीटा शिवते. शिबिरात नवा माणूस आला आहे. त्याचा टाका सरळ आहे, एक इकडचा तिकडे नाही, आणि बरोब्बर जुन्या जागी आहे.

तर टाचणे, हे असं झालं. डॉक्टर मला जिना चढू देत नाहीत. कुणाला तरी पाठवेन म्हणते, पण तिरका ताणा हे माझ्यासारखं भांडून सांगणारं कोण, ते सुचत नाही. कचेरीला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की नमुना घेऊन प्रत्यक्ष यावे.

पट्टा माझ्या दाराच्या मागे खिळ्याला आहे. नमुनाही तिथेच. जाता-येता हात लागून रेघ पुसट होत चालली आहे. परवा खडू आणला होता, पट्टा मांडीवर घेऊन बसलेही. पण नेमकी कुठून कुठवर होती ते मला सांगता येईना, म्हणून ओढली नाही. येऊन तू ओढ.